खाडीच्या पाण्याचा परवाना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे विचारले तर मी द्वारका काकीचे नाव घेईन. ती माझी सख्खी काकी नव्हे. तारकर्लीच्या मागे जी खाडी आहे, तिच्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जाणाऱ्या बायकांच्या होडीत ती ‘पाणी सांगणारी’ होती. माझी आई त्याच होडीत जात असे. मी सावंतवाडीला कॉलेजात शिकत असताना आईचे गुडघे धरले आणि ती एक अख्खा हंगाम घरात बसली. त्या हंगामात काकीने रोज आईची रिकामी टोपली होडीत ठेवायला लावली आणि बाकीच्या बायकांकडून ती भरून घेतली. माझी फी त्या टोपलीतून गेली. आमच्या वाडीतला मी पहिला पदवीधर. पदवीच्या कागदावर माझे एकट्याचे नाव आहे, एवढेच.

पाणी सांगणारी म्हणजे काय, ते खाडीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. खाडीच्या मध्यभागी वाळूचा एक उंचवटा आहे. सुकती लागली, म्हणजे ओहोटी झाली, की तो वर येतो. बायका तिथे उतरतात आणि कमरेपर्यंतच्या पाण्यात वाकून हातापायांनी वाळू चाचपत तिसऱ्या काढतात. वाकलेल्या माणसाला पाणी फिरलेले कळत नाही. कळते तेव्हा पाय उचलत नाहीत. म्हणून एक बाई होडीतच बसते. ती काही काढत नाही, फक्त पाण्याकडे बघते. तिने “चला गो” म्हटले की टोपली अर्धी असली तरी सगळ्यांनी होडीत यायचे. किनाऱ्याला लागल्यावर प्रत्येकीने आपल्या टोपलीतली एक ओंजळ तिच्या टोपलीत घालायची. ही रीत कोणी घातली कोणाला ठाऊक नाही. द्वारका काकीच्या आधी तिची सासू पाणी सांगत असे.

आता माझ्या धंद्याविषयी. मी मोबाइलचे प्रोग्राम लिहीत असे, कोणाच्याही नोकरीत न राहता, मालवणात घरी बसून. आज लोक त्याला अ‍ॅप म्हणतात आणि त्याचे दुकान फोनमध्येच असते. तेव्हा आमच्याकडे त्याला ‘गेम’ म्हणत, मग तो पाढ्यांचा असो की पंचांगाचा. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. जावा चालणारे साधे मोबाइल बाजारात आले तेव्हा एका सीडीवरून ही विद्या शिकलो. प्रोग्राम लिहिणे मला जमले. तो विकायचा कसा, हे कोणत्याही सीडीवर नव्हते.

मार्ग तीन होते. पहिला एसेमेसचा. गिऱ्हाइकाने एका छोट्या क्रमांकावर संदेश पाठवायचा, त्याच्या बॅलन्समधून पैसे कापले जायचे आणि प्रोग्राम उतरायचा. त्यात निम्म्याहून जास्त मोबाइल कंपनी ठेवी, उरलेल्यातले मधली कंपनी ठेवी आणि राहिलेला चोथा काही महिन्यांनी माझ्याकडे येई. दुसरा परदेशी वेबसाइटचा. तिथे जगभर विक्री होई, पण ठरावीक रक्कम साठल्याशिवाय ते चेक पाठवत नसत, आणि तो डॉलरचा असे. माझा पहिला चेक घेऊन मी बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी तो उजेडात धरून पाहिला.

“कोण असतं तिथे? मामा?”

“कोणी नाही साहेब. मी सॉफ्टवेअर विकलं.”

“खंय? सोमवारच्या बाजारात?” ऑफिसची मराठी सोडून ते मालवणीवर आले, आणि मागची रांग हसली. आमच्या जिल्ह्यात परदेशातून पैसा येतो तो नात्याने येतो. कामाचा येऊ शकतो, हे पटवायला मला बराच काळ लागला. घरीसुद्धा.

तिसरा मार्ग माझा स्वतःचा. प्रोग्राम ब्लूटूथने कोणालाही फुकट द्यायचा. आठवडाभर चालला की तो थांबे आणि पडद्यावर एक क्रमांक दाखवी. प्रत्येक हँडसेटवर हा क्रमांक वेगळा येई. गिऱ्हाइकाने तो मला कळवायचा आणि पैसे द्यायचे, मग मी त्यावरून हिशेबाने दुसरा आकडा काढून द्यायचा. तो घातला की कुलूप उघडले. त्याला आम्ही ‘की’ म्हणत असू. हाच माझा परवाना. एक हँडसेट, एक की. हँडसेट बदलला तर की नवी.

या तिसऱ्या मार्गाने मला माणसे भेटली. तारकर्लीच्या एका लॉजवाल्यांनी माझा भरती-ओहोटीचा प्रोग्राम घेतला आणि आठवड्याने तक्रार घेऊन आले. “रे, रविवारी दुपारी सुकती दाखवता ह्यो. गिऱ्हायकांका पाण्यात उतरूचा असता. वायच पुढे-मागे कर मां.” मी म्हटले, “काका, प्रोग्रामात करीन. दर्यात कोण करतलो?” ते जाताना म्हणाले, “मगे इतके शिकलास कित्याक?”

तोंडवलीचा एक जण आखातात ड्रायव्हर होता. त्याने चुलतभावाच्या हाती पैसे पाठवून की मागितली. मी त्याला फोनवर सांगितले की हे कोष्टक आपल्या किनाऱ्याचे आहे, तिकडच्या समुद्राला लागू नाही. तो म्हणाला, “म्हायत आसा माका. हडे समुद्र बघूक वेळ कोणाक आसा? घराकडे आता पाणी चढता की उतारता, तेवढाच बघतंय.” त्याच्याकडून पैसे घेतले याचे मला आजही वाईट वाटते. पण परत केले असते तर त्याला ते आवडले नसते.

हा भरती-ओहोटीचा प्रोग्रामच माझा खरा चाललेला माल. त्याचे नाव ‘भरती-सुकती’. बंदराचे छापील कोष्टक मिळते आणि तेवढे घातले की किनाऱ्याचे काम भागते. जुनी माणसे तर कोष्टकही बघत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. पण खाडीच्या आत हे चुकते. पाणी मुखातून आत येईपर्यंत वेळ जातो. तो उधाणाला वेगळा, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला वेगळा आणि वारा कुठला आहे त्यावर आणखी वेगळा. हे कुठे छापलेले नाही. म्हणून एका हिवाळ्यात मी द्वारका काकीबरोबर होडीत जाऊन बसू लागलो. तिने “फिरला” म्हटले की मी वेळ लिहून घेई आणि घरी येऊन ती कोष्टकाशी ताडून बघे.

“कसा कळता गो तुका?” मी विचारले.

“डोळे आसत म्हणान.” मग जरा वेळाने, “फेस बघ. मघाशी भायर जाय होतो. आता उभो रवलो. दारात उभ्या रवलेल्या पावण्यासारखो. आता तो आत येतलो.”

होडीतल्या बायका मला चिडवत. “काकी, तुझो नवो शिष्य. लुगडा नेसव तेका.” काकी त्यांना गप्प करी. तिला माझे लिहिणे आवडत होते असे मला वाटते. हंगाम संपताना माझ्याकडे तिच्या पाण्याचा एक नियम तयार झाला होता. पूर्ण नव्हे, पण पुष्कळसा. तो मी प्रोग्रामात घातला. बंदराच्या वेळेखाली आणखी एक ओळ दिसू लागली: ‘खाडी’.

होडीत सुमन नावाची एक नवी सून होती. आत, डोंगराकडच्या काजूच्या गावातून आलेली. तिला तिथी कळे, पण पाणी कळत नसे आणि वाकले की भीती वाटे. तिच्या नवऱ्याने हँडसेट घेतला होता. मी तिला की दिली, अर्थात फुकट. ती मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधी आणि मधून मधून बघे. प्रोग्राम बरोबर निघाला. एकदा, दोनदा, पुष्कळदा. काकीचे “चला गो” आणि सुमनचे “काकी, वेळ झालो” एका सुरात येऊ लागले. मी घरी ऐके आणि मला अभिमान वाटे.

होडी लहान आहे. एक माणूस कमी झाले तर एक टोपली जास्त बसते. कोणी ठरवले नाही, कोणी भांडले नाही. पुढच्या हंगामात काकीला दोनदा ताप आला, त्या दिवसांत बायका मोबाइलच्या भरवशावर जाऊन आल्या आणि काही बिघडले नाही. ती बरी झाली तेव्हा तिच्या जागी टोपली होती. ती किनाऱ्यावर आली, उभी राहिली, आणि कोणी “ये” म्हटले नाही म्हणून परत गेली.

मला हे आईने सांगितले, मासे साफ करता करता, माझ्याकडे न बघता. “द्वारका येणा नाय आता. तिची ओंजळ बंद झाली. तुझो मोबायल ओंजळ मागणा नाय मां.”

त्याच सुमारास मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. एसेमेसवरून प्रोग्राम विकणाऱ्या मधल्या कंपन्यांपैकी ती एक होती. त्यांना अख्ख्या किनारपट्टीसाठी ‘भरती-सुकती’ हवा होता, एकहक्काने. म्हणजे मी तो दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, फुकटही द्यायचा नाही. त्याबदली दरमहा ठरलेली रक्कम, विक्री होवो वा न होवो. त्या रकमेवर मी मालवणात राहू शकलो असतो. नाहीतर पुण्याला नोकरी बघणे भाग होते, कारण क्लास बंद होत आला होता आणि आई एकटी होती. खाडीची ओळ त्यांना विशेष आवडली होती. “हे इतर कोणाकडे नाही सर,” त्यांचा माणूस म्हणाला. तो सौजन्याने बोलणारा मुलगा होता.

कराराच्या कागदात एक कलम होते. ‘या उत्पादनातील सर्व मजकूर व माहिती संपूर्णपणे माझी स्वतःची असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही.’ खाली सही. मी ते पुन्हा पुन्हा वाचले आणि फोन केला.

“खाडीच्या वेळा एका बाईंनी सांगितलेल्या आहेत. त्यांचं नाव घालता येईल का?”

“येईल ना सर. त्या कुठल्या संस्थेत असतात?”

“त्या होडीत असतात.” म्हणालो खरा, पण ते तेव्हा खरे नव्हते.

“त्यांचं पॅन कार्ड, बँक खातं? कारण रॉयल्टी रोखीत देता येत नाही आम्हाला.”

काही नव्हते. मी म्हटले, करून घेतो. आणि संध्याकाळी काकीच्या घरी गेलो.

ती अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं गोळा करत होती. तिने मला बसायला सांगितले नाही. मी उभ्यानेच सगळे सांगितले: कंपनी, करार, तिचे नाव, दरमहा तिच्या खात्यात येणारे पैसे, सहीच्या जागी अंगठा.

“म्हंजे माझा पाणी तू मुंबैक इकतलंस,” ती म्हणाली.

“इकत नाय काकी. वापरूक देतंय. तुका तेचे पैशे.”

“आणि होडयेतल्या चेडवांका?”

“तेंकाय पैशे भरूचे लागतले. एसेमेस करून.”

ती हसली. “मगे एकादीचो बॅलन्स नाय आसलो तर? वाळयेर उभी रवान रिचार्ज मारतली?”

प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुलूप कुठे लावायचे याचा विचार करायचा असतो. मी तो दुकानदारासारखा केला होता. वाळूवर उभ्या असलेल्या बाईसारखा केला नव्हता.

“काकी, मगे काय करू? तुझी ओळ काढून टाकू? काढली तर बायकांका तुका न्हेवकच व्हया.”

मला वाटले होते ती हो म्हणेल. तिने सोलांची परात उचलली आणि आत जाता जाता थांबली. “काढू नको. ती सुमन तेच्यार जाता. तिका सवय झाली. मधीच काढलंस तर बुडात खंयतरी.” मग म्हणाली, “माका पैशे नको विश्राम. माका पाणी सांगूचा आसा. ता तुझ्या कंपनीक देवक येणा नाय.”

मी कंपनीला कळवले की खाडीची ओळ वगळून बाकीचा प्रोग्राम देतो. त्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, “सर, बंदराचं कोष्टक तर वर्तमानपत्रातही येतं.” तेही खरेच होते. करार तसाच परत गेला. मी बाहेर विकायच्या प्रोग्राममधून खाडी काढून टाकली आणि ती फक्त आमच्या होडीतल्या बायकांच्या हँडसेटवर ठेवली, बिनपैशाची. पुण्याला नोकरी मिळाली. मी गेलो. याचा मला पश्चात्ताप नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. आईला मागे ठेवून जाणे, याची भरपाई कशात धरावी, ते मला अजून कळलेले नाही.

पुढे जे झाले ते माझ्यामुळे झाले नाही. मिठाच्या पाण्यामुळे झाले. पिशवीत घातला तरी मोबाइल खाडीत टिकत नाही. बाई वाकते, पिशवी बुडते, ओल्या हातांनी गाठ सोडते, आणि आत मीठ जाते. सुमनचा एक हँडसेट गेला, मग दुसरीचा. हँडसेट नवा म्हणजे क्रमांक नवा, आणि माझ्या कुलपाला फुकट आणि विकत यांतला फरक कळत नव्हता. दर वेळी सुमन मला पुण्याला फोन करून आकडे वाचून दाखवी.

एकदा ती चिडली. “भावजी, प्रत्येक वेळी ह्या आकड्यांचा आख्यान! तुमच्या मोबायलाक कोरडे हात होये. आमचे हात खंय कोरडे?”

“मगे एक जण होडयेत बसा कोरड्या हातान.”

“म्हंजे काकी,” ती म्हणाली. माझ्याही लक्षात बोलल्यानंतर आले.

ती काकीच्या दारात गेली. हे मला आईने फोनवर सांगितले. काकीने तिला बाहेरच उभे केले आणि विचारले, “मोबायल धरूक बोलवतास माका? खुटी कर एक होडयेक. थंय लाव.” दुसरी कोणी असती तर परत गेली असती. सुमन म्हणे पायरीवर बसून राहिली. शेवटी म्हणाली, “काकी, मोबायलाक हात होये, ता खरा. पण तो फिरला म्हणता तेव्हा माका खरा वाटणा नाय. तू म्हणालंस की वाटता.” दुसऱ्या दिवशी सुकतीच्या वेळी काकी किनाऱ्यावर होती. टोपली एक कमी केली, आणि ती बसली.

आईचे सांगून झाल्यावर मी ऑफिसातून लवकर निघालो आणि खोलीवर येऊन काकीला पत्र लिहिले. तिला वाचता येत नाही. सुमन वाचून दाखवील हे गृहीत धरले होते. जन्मभर मी तिच्याशी मालवणीतच बोललो, पण कागद समोर आल्यावर शाळेतली भाषाच उतरली. फोनवर सांगता आले असते, पण परवाना लेखी असावा लागतो. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. ती जशीच्या तशी देतो.

*

ती. द्वारका काकीस,

विश्रामचा शिरसाष्टांग नमस्कार.

आईने सगळे सांगितले. तुम्ही होडीत परत बसलात हे ऐकून काय वाटले ते मला लिहिता येत नाही, म्हणून कामाचे लिहितो.

सुमनकडे मी नवा प्रोग्राम पाठवला आहे. त्याला कुलूप नाही. हँडसेट कितीही बदलले तरी तो चालेल, आकडे विचारायला मला फोन करावा लागणार नाही. तो उघडल्यावर आधी एक वाक्य येईल: ‘खाडीचे पाणी द्वारका काकींनी सांगितलेले.’ सुमनला ते मोठ्याने वाचायला सांगा. हे वाक्य तुम्हाला नको असेल तर काढीन.

या प्रोग्रामचा परवाना मी तुमच्या नावाने करत आहे. तुमच्या होडीतल्या बायकांनी, त्यांच्या सुनांनी आणि लेकींनी तो फुकट वापरावा. बाहेर कोणाला द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचे, मी नाही. कोणी माझ्याकडे मागितला तर मी त्याला तुमच्या दारात पाठवीन. उन्हाळ्यात जाऊ नका, तेव्हा काकी सोलं घालतात, हेही सांगीन.

पैशाचे तुम्ही नाही म्हणालात, ते मी पुन्हा काढत नाही.

एक गोष्ट मात्र मला विचारायची राहिली. त्या हिवाळ्यात मी तुमच्या शेजारी बसून सगळे लिहून घेतले, पण ते कशासाठी वापरणार आहे हे तुम्हाला नीट सांगितले नाही, आणि चालेल का असेही विचारले नाही. आता विचारतो. काकी, चालेल ना? नको असेल तर आईजवळ निरोप द्या. मी त्याच दिवशी येऊन बायकांना दुसरी काही तजवीज करून देईन आणि तुमचे पाणी तुम्हाला परत करीन.

आई म्हणते, मोबाइलची पिशवी तुमच्या मांडीवर असते पण तुम्ही तिची गाठ सोडतच नाही, फेसाकडे बघून “चला गो” म्हणता.

सोडू नका.

तुमचा,
विश्राम